शेवंतीचा हात

नवऱ्याचा जीव दुसरीकडे कुठंतरी रमलाय हे बायकोला नाना तऱ्हांनी कळतं. कुणाला फोन सापडतो, कुणाला शेजारीण येऊन सांगते. पल्लवी शिरगुप्पेला ते एका वाकड्या पाकळीवरून कळलं.

संध्याकाळ होती. अभय गॅलरीत बसला होता. मांडीवर दवाखान्यानं दिलेली लयपाटी, हातात तिचं ते जाडजूड पेन, आणि चेहरा इतका निवांत की गेल्या वर्षभरात पल्लवीनं तसा पाहिला नव्हता. ती चहा घेऊन शेजारी उभी राहिली तरी साहेबांचं लक्ष नाही. पाटीवर मंडल जवळजवळ पूर्ण झालं होतं. मध्ये फूल, त्याभोवती जाळी, जाळीबाहेर पाकळ्यांचा वेढा. आणि वेढ्यात शेवटच्या पाकळीला जागाच उरली नव्हती. अभयनं ती पाकळी बारीक करून, जरा वाकवून, शेजारच्या दोन पाकळ्यांच्या मध्ये कशीबशी बसवली आणि तो स्वतःशीच हसला.

"काय झालं हसायला?"

"अगं, शेवंतीची गंमत. तिची शेवटची पाकळी कधी म्हणजे कधी बसत नाही. मग ती हसते आणि देते कोंबून."

"हसते? पाटी हसते?"

"पाटी नाही गं, शेवंती. हाताला कळतं."

पल्लवीनं चहाचा कप टीपॉयवर जरा जोरातच ठेवला. तो चहा बशीत सांडला, तेसुद्धा त्याला दिसलं नाही.

आता पल्लवीची बाजूही ऐकून घ्या. सांगलीत, विश्रामबागला, गेली वीस वर्षं ती मंडलांचा क्लास घेत होती. तिच्या हाताखालून किती बायका आणि रिटायर झालेले किती पुरुष गेले असतील याचा हिशेब नाही. डोकं शांत करायला आलेली माणसं. कुणाला झोप नाही, कुणाचं सुनेशी पटत नाही, कुणाला नुसताच वेळ जात नाही. त्या सगळ्यांना ती कंपास धरायला शिकवायची, कोनमापकानं वर्तुळाचे सारखे भाग पाडायला लावायची. तिच्या मंडलात पाकळी उरणं किंवा कमी पडणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मीठ विसरण्यासारखं. ती स्वतः काढायला बसली की बघणारे श्वास रोखायचे. आणि तिचा नवरा? कॉलेजात एका वर्गात होते, पळून जाऊन नाही पण घरच्यांशी भांडून लग्न केलं, आणि इतक्या वर्षांत एकदा, एकदासुद्धा, "मला पण शिकव" म्हणून त्यानं तिच्यापुढं पेन धरलं नव्हतं. आता एका परक्या बाईच्या वाकड्या पाकळीवर तो लट्टू झाला होता. तळपायाची आग मस्तकात जाईल नाहीतर काय होईल!

वर्षापूर्वी अभयला हार्ट अटॅक आला होता. ऑपरेशन होऊन त्यातून तो वाचला, पण धास्तीतून काही बाहेर येईना. जरा छातीत चमकलं की घाबरायचा, घाबरला की हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायचे, ठोके चुकले की आणखी घाबरायचा. गोळ्यांनी ठोके आवरायचे, भीती आवरायची नाही. शेवटी मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर रुखसाना मुजावर यांनी त्याला लयपाटी दिली.

पाटीमागचं शास्त्र डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. आपण रेघ ओढतो तेव्हा आपला हात नुसता रेघ ओढत नसतो. श्वास घेताना पेन किंचित दाबलं जातं, सोडताना हलकं होतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटांत एक बारीक थरथर उठते. ती डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसते. शांत माणूस मंडल काढायला बसला की हे सगळं एका संथ लयीत येतं. पाटी रेघांसकट ती लय टिपून ठेवते. मग दुसऱ्या कुणी ते पेन धरलं की पेनातली चुंबकं त्याच्या हाताला इतकं हळू ढकलतात की त्याला वाटतं, आपणच काढतोय. हात त्या लयीत चालू लागला की श्वास त्याच्यामागून जातो आणि श्वासामागून ठोके. "मेंदू हाताला चालवतो, तसा हातही मेंदूला चालवतो," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "एकाची शांती दुसऱ्याला उसनी देता येते, शिरगुप्पे. एवढंच आम्ही करतो."

ज्यांची लय टिपली, त्यांना दवाखाना 'स्रोत' म्हणायचा. कोण कुणाचा हात वापरतंय हे कळू नये म्हणून प्रत्येक स्रोताला फुलाचं नाव. मोगरा, जास्वंद, कण्हेर, शेवंती. रोग्याला एकेक हात थोडा थोडा वेळ देऊन बघायचा आणि ज्यानं ठोके ताळ्यावर येतील तो त्याचा कायमचा. एकच लय रोज घेतली तर शरीर तिला सरावतं आणि दाद देत नाही, म्हणून दर रविवारी स्रोताकडून नवं मंडल काढून घ्यायचं आणि संध्याकाळी ते रोग्याच्या पाटीवर पाठवायचं.

आणि हे स्रोत आणले कुठून? पल्लवीच्याच क्लासातून! डॉक्टर स्वतः आल्या होत्या. पाट्या वाटायचं, कुठल्या पाटीवर कोण बसलंय ते भरायचं काम पल्लवीकडेच होतं. फुलांची नावं मात्र दवाखान्यानं स्वतःजवळ ठेवली होती. सगळ्यांत पहिला हात टिपला तो खुद्द पल्लवीचा. तिला तेवढं आपलं फूल माहीत होतं. कमळ. वर्ष झालं, कमळ एकाही रोग्याला लागू पडलं नव्हतं. "अजून जुळणी नाही हं, मॅडम," डॉक्टर दरवेळी नरमाईनं सांगायच्या. पल्लवी हसून "असू दे, असू दे" म्हणायची. खरं तर ते तिच्या मनात सलत होतं, आणि अभयला शेवंती मिळाल्यापासून फारच. कारण सगळे हात लावून बघतात, म्हणजे कमळही लावून बघितलं असणार. तिचा हात नवऱ्याच्या हातात देऊन बघितला होता आणि काढून घेतला होता.

मग घरात शेवंती शेवंती सुरू झालं. जेवताना अभय म्हणायचा, "तिला घाई कसली ती नाहीच." फिरायला निघाले की, "ती ना, मध्येच थांबते. बहुतेक काहीतरी खात असेल." एकदा तर पल्लवी भाजी चिरत असताना तो मागून म्हणाला, "तू एवढी ताणून का चिरतेस गं? जरा सैल धर की सुरी."

"तुझ्या शेवंतीला बोलव चिरायला!"

तो हसला. त्याला ती चेष्टा वाटली. पल्लवी मात्र त्या दिवशी जेवलीच नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि पडल्या पडल्या शेवंती कशी दिसत असेल याचाच विचार करत राहिली. गोरी असेल. लांब बोटांची असेल. आवाज हळू असेल मेलीचा.

पुढच्या रविवारी क्लासात ती शिकवायला म्हणून फिरत नव्हती, शोधायला फिरत होती. प्रत्येकीच्या मागं उभं राहून ती फक्त शेवटच्या पाकळीकडं बघायची. सगळ्यांच्या पाकळ्या नीट बसत होत्या. पल्लवीच्या शिष्या त्या, न बसून सांगतात कुणाला! अर्धा तास होऊन गेला आणि मग नेहमीसारखी उशिरा, धाप टाकत, निवेदिता मगदूम आली.

निवेदिता मगदूमची ड्रायव्हिंग स्कूल होती. गाड्या आपल्या आपण चालायला लागल्यापासून तिचा धंदा बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण हातानं गाडी चालवायची हौस असलेली पोरं आणि म्हातारे तिच्याकडं रांग लावत होते. दिवसभर ती शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून असायची आणि रविवारी क्लासात येताना पर्समधून भडंगाची पुडी आणायची. कंपास विसरायची. वर्तुळाचे भाग नजरेनंच पाडायची. पल्लवीनं तिला काढून कसं टाकलं नाही याचं बाकीच्यांना आश्चर्य वाटायचं.

"सॉरी हं मॅडम! एका आजोबांनी गाडी डिव्हायडरवर चढवली. म्हटलं, असू दे आजोबा, चढली तर चढली, आता उतरवायला शिकू." असं म्हणून ती पाटीपुढं बसली, भडंगाचा एक बकाणा भरला आणि पेन उचललं.

पल्लवी मागं उभी राहिली. फूल झालं, जाळी झाली, पाकळ्या सुरू झाल्या. शेवटच्या पाकळीला जागा उरली नाही. निवेदिता फिसकन हसली, "घ्या, परत राहिली ही," म्हणाली आणि पाकळी बारीक करून, वाकवून बसवली.

हीच ती शेवंती! जळायला एवढं जग पडलंय आणि जळायचं कुणावर, तर हिच्यावर? हिला धड वर्तुळ येत नाही! गोरी नाही, लांब बोटांची नाही, आवाज तर चौकात ऐकू जाईल असा. कुणी देखणी, गुणी बाई निघाली असती तर पल्लवीला रडता तरी आलं असतं.

तो आठवडा तिनं दात खाऊन काढला. आणि मग तिच्या डोक्यात आलं ते आलंच. निवेदिता उशिरा येणार हे ठरलेलं. तोवर तिची पाटी रिकामी असणार. पाटीवर कोण बसलंय ते पल्लवीनं भरायचं, यंत्र काही तोंड बघत नाही. वाकड्या पाकळ्या काढायला काय अक्कल लागते? तशाच काढू. अभयला कळणारसुद्धा नाही. तो शेवंती समजून पेन धरेल, शांत होईल, हसेल, आणि त्याला शांत करणारा हात बायकोचा असेल. मग एक दिवस ती त्याला सांगेल. तेव्हाचं त्याचं तोंड कसं होईल हे तिनं मनात शंभरदा बघून घेतलं.

रविवारी ती निवेदिताच्या पाटीवर बसली. नजरेनं भाग पाडले. बाहेरच्या वेढ्यात मुद्दाम जागा कमी ठेवली आणि शेवटची पाकळी वाकवून कोंबली, अगदी तिच्यासारखी. निवेदिता आली तेव्हा "तुझी पाटी बिघडलीय, आज कागदावर काढ," एवढंच म्हणाली. "बरं झालं," म्हणून निवेदितानं पर्समधून पुडी काढली.

संध्याकाळी अभय गॅलरीत बसला. पल्लवी मुद्दाम समोरची खुर्ची ओढून लसूण सोलत बसली. त्यानं पेन धरलं, मधल्या फुलाची पहिली पाकळी काढली आणि थबकला. मान वर करून त्यानं पल्लवीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काय रे?"

"काही नाही," म्हणाला आणि पुन्हा खाली वाकला.

पल्लवीला आतून उकळ्या फुटल्या. आवडलं त्याला! ती सोललेला लसूण परत परत निवडत राहिली. अभय काढत होता. हळूहळू त्याच्या कपाळावर घाम आला. पेन धरलेल्या बोटांची पेरं पांढरी पडली. श्वास वरच्या वर चालला होता. पल्लवीनं हे सगळं बघितलं, आणि बघून न बघितल्यासारखं केलं. होईल शांत. अजून जाळी व्हायचीय. अजून पाकळ्या व्हायच्यात. असं करत करत शेवटची पाकळी आली, ती त्यानं बसवली, पेन खाली ठेवलं आणि छातीवर हात धरून तो खुर्चीतच कलंडला.

"अभय!"

लसणाचं ताट उडालं. पुढचं तिला नीट आठवत नव्हतं. ॲम्ब्युलन्स आली, मिरजेचा रस्ता संपता संपेना, आणि ती सारखी एकच म्हणत होती, "मी काढलं, मी काढलं." ॲम्ब्युलन्समधल्या माणसाला वाटलं, बाई काहीतरी बरळतायत.

अटॅक नव्हता. ठोके साफ बिघडले होते, ते औषधानं थोडे आवरले. डॉक्टर मुजावर बाहेर आल्या तेव्हा पल्लवीनं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. लपवायचं त्राणच उरलं नव्हतं.

डॉक्टर संतापल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा लाल झाला. "मॅडम, हे औषध आहे. औषधाच्या बाटलीत दुसरं काही भरलंत तुम्ही. उद्यापासून पाट्यांना हात लावायचा नाही." मग खुर्चीत बसून त्या म्हणाल्या, "तुमचं कमळ का जुळत नाही हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून टाळलं."

"आता सांगा."

"तुमची रेघ सुंदर असते. पण चूक होऊ नये म्हणून तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत जीव मुठीत धरून काढता. बघणाऱ्याला ती रेघ शांत वाटते, हाताला ती घाबरलेली लागते. शेवंतीची चूक होते, आणि झाली की तिचा हात दुसऱ्याच क्षणी सैल पडतो. चुकल्यावर सैल कसं व्हायचं, तेच या रोग्यांना शिकायचं असतं. ठोका चुकणारच आहे त्यांचा."

"पण मी तर तिची चूकही काढली होती."

"चूक काढलीत. सैल कुठं झालात?"

पल्लवीनं रात्र बाहेरच्या बाकावर काढली. सकाळी ती आत गेली. अभय पांढऱ्या उशीवर डोळे मिटून पडला होता. शेजारच्या मॉनिटरवर ठोके अजून वाकडेतिकडेच पडत होते. ती स्टुलावर बसली तसं त्यानं डोळे उघडले.

"तूच होतीस ना?" तो म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? पहिल्याच पाकळीला कळलं. अगं, तुझा हात मला कळणार नाही होय? त्या तपासणीच्या दिवशीसुद्धा कळलं होतं. तुझा हात लावला आणि ठोके वाढले. तुला बोललो नाही, म्हटलं मनाला लावून घेशील."

"आणि तरी काढत बसलास?" तिचा आवाज चिरकला. "छाती धडधडत होती तर पेन टाकायचं! अक्कल आहे का नाही तुला? मेला असतास म्हणजे!"

"हळू बोल, सिस्टर येतील."

"येऊ देत! थांबला का नाहीस ते सांग आधी."

बोलताना अभयला दम लागत होता. "घरात तू नुसती ओरडत असतेस. गोळी घेतलीस का, जिना चढू नको, पंख्याखाली झोपू नको. मला वाटायचं, कंटाळली ही माझ्या दुखण्याला. आणि त्या शेवंतीचं नाव काढलं की तुला राग यायचा, तेही कळत होतं, गंमत वाटायची. पण काल पेन धरलं आणि बघतो तर काय, तू माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली. पार पहिल्या रेघेपासून. वर्षभर अशीच आहेस ना गं?"

पल्लवीनं मान डोलावली.

"मग तुला तसं मध्येच सोडून कसं उठायचं?" अभय म्हणाला. "म्हटलं, हिचं पूर्ण होऊ दे."

त्यावर मात्र पल्लवीचा बांध फुटला. वर्षभर ती रडली नव्हती. अटॅकच्या दिवशी नाही, ऑपरेशनच्या दिवशी नाही. आता तिनं पलंगाच्या कडेवर डोकं ठेवलं आणि ती मोठ्यानं, नाक ओढत, लाज सोडून रडली. दाराशी सिस्टर आली, बघितलं आणि परत गेली. अभय तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला.

दुपारी डॉक्टर मुजावर पाटी घेऊन आल्या. ठोके अजून पुरते ताळ्यावर येत नव्हते. त्यांनी निवेदिताला बोलावून दवाखान्यातच ताजं मंडल काढून घेतलं होतं. ते कुणासाठी हे तिला सांगितलं नव्हतं. त्यांनी पल्लवीकडं बघितलं. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"नाही," पल्लवी म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं, पाटी डॉक्टरांच्या हातातून घेतली आणि अभयच्या मांडीवर स्वतः नीट ठेवली. पेन त्याच्या बोटांत दिलं. "घे तुझी शेवंती."

"राग नाही ना?"

"आहे! भरपूर आहे. काढ तू."

अभयचा उजवा हात चालू लागला. पल्लवीनं स्टूल ओढून त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आधी तो हात गार आणि आखडलेला होता. फूल झालं, जाळी झाली. मग बोटं एकेक करून सैल पडत गेली, तळव्याला ऊब आली, मनगटातला ठोका तिच्या बोटांखाली संथ होत गेला. तिनं मॉनिटरकडं बघितलंच नाही. तिला हातात कळत होतं. हे आपल्यामुळं होत नाहीये हेही चांगलं कळत होतं. तिच्या नवऱ्याच्या अंगात एक दुसरीच बाई पसरत होती आणि त्याला वाचवत होती, आणि पल्लवी तिथं बसून ते सगळं बोटांनी मोजत होती. जळत होती ती, खोटं कशाला बोला, आतून जळत होती.

शेवटच्या पाकळीला अभय स्वतःशी हसला. कशाला हसला ते तिनं विचारलं नाही. तिनं हात मात्र सोडला नाही.